चित्रकारांची हजेरी

कॉमिक्सच्या संमेलनात सगळे सह्या घेतात. मी चित्रकारांकडून त्यांचे स्वतःचेच चेहरे काढून घ्यायचं ठरवलं. सही मागताना काहीतरी बोलावं लागतं. चित्र काढणारा माणूस मात्र स्वतःत गुंतलेला असतो.

मी कोरी वही आणणार होते. पण आमच्या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत कोरा कागद कुणाला बघवत नाही. बाबांनी कपाटातून लाल पाठीचं रजिस्टर काढलं आणि पट्टी घेऊन ऑफिससारखे हिंदी रकाने आखले: क्रमांक, नाम, पद, चेहरा. चेहऱ्याला दोन इंच. "व्यवस्थित राहील गं," ते म्हणाले. मी गप्प बसले. आमच्या घरी गप्प बसणं म्हणजे होकार.

मला खरं तर एकाच माणसाचा चेहरा हवा होता. इंग्रजी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून मी ज्यांची हिंदी कॉमिक्स वाचली, त्या म्हाताऱ्या चित्रकाराचा. त्यांचा फोटो कधी कुठे छापून आला नव्हता. त्यांचं टेबल रांगेच्या शेवटी, स्वच्छतागृहाशेजारी होतं आणि दुपारच्या गाडीने ते परत जाणार होते. सरळ त्यांच्याकडे जायचं सोडून मी धीर गोळा करायला पहिल्या टेबलापासून सुरुवात केली.

पहिल्याने स्वतःला असे खांदे दिले की ते 'पद'च्या रकान्यात शिरले. त्याचं पोट टेबलावर विसावलं होतं; चित्रात त्याला जागा मिळाली नाही. दुसऱ्याने स्वतःला कधीच गळून गेलेले केस परत केले. तिसरा तरुण होता. त्याने पेटलेली कवटी काढली आणि म्हणाला, "यह मेरा भीतर है." मग चहा बिनसाखरेचा मिळेल का, ते विचारलं.

चौथ्याने मान वर न करता रकाने पाहिले आणि सही ठोकली. पाचव्याने ती पाहून सही केली, वर वेळही लिहिली. मी 'चेहरा' या शब्दावर बोट ठेवलं, तर त्याने माझं पेन मला परत दिलं.

एवढ्यात गळ्यात बिल्ला अडकवलेले एक गृहस्थ आले. "अच्छा, ये आपके पास था," म्हणाले आणि रजिस्टर घेऊन गेले. जेवणासाठी हजेरी लागणार होती आणि तिचं रजिस्टर ते सकाळपासून शोधत होते. मी मागे मागे गेले. त्यांनी बाकीच्या चित्रकारांच्या, निवेदकाच्या आणि माइकवाल्याच्याही सह्या 'चेहरा'खाली घेतल्या. शेवटच्या टेबलापर्यंत मात्र ते गेलेच नाहीत. तिथे बसलेले गृहस्थ त्यांना कुणाचे तरी वडील वाटले असावेत.

म्हातारे चित्रकार पिशवी भरायला लागले होते. मी जेवणाच्या काउंटरवर गेले.

"यह रजिस्टर मेरा है."

"मॅडम, अब तो ये जमा होगा."

"इसमें कवटी है," मी म्हणाले. त्या गडबडीत खोपडी हा शब्द आठवेना. मग पान उघडून दाखवलं. त्यांनी कवटीवर बोट ठेवलं. "ये कौन से विभाग से हैं?" त्यांनी विचारलं. मी रजिस्टर ओढून घेतलं.

शेवटच्या टेबलावर मी एका दमात सांगितलं, की सर, सही नको, तुम्ही दिसता तसा चेहरा हवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पेन्सिल धरली. टक्कल, डोळे, नाक आणि बारीक हनुवटी काढून झाली, तेव्हा हात थांबला. "बेटा, खाना किधर मिल रहा है? सुबह से किसी ने पूछा नहीं."

मी परत काउंटरवर. "उनका नाम नहीं है," बिल्लेवाले म्हणाले, "और रजिस्टर तो आप ले गईं."

"तो मेरी थाली दीजिए."

"आप कौन हैं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत आवाज चढवला. काय बोलले ते आठवत नाही. थाळी मिळाली.

त्यांनी घाईघाईत चार पुऱ्या खाल्ल्या. गाडीची वेळ होत आली होती. बोटं विजारीला पुसून त्यांनी पेन्सिल उचलली आणि उरलेले दोन कान काढले. बरेच मोठे, आणि ते खरेच तेवढे होते.