हात वर झाला की गाणं थांबतं

कुरुळीला एका खानावळीच्या माडीवर दर गुरुवारी संध्याकाळी गाणी होतात. गुरुवार अशासाठी, की आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी गाणारे आणि ऐकणारे दोघेही मशीनवर असतात. टेबलं भिंतीला लावतात, एक माइक, एक स्पीकर, आणि खालून फोडणीचा वास. गाणाऱ्याला चहा मिळतो, ऐकणाऱ्याला विकत घ्यावा लागतो.

कुणीही यावं आणि गावं. फक्त एक नियम आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हात वर केला की गाणं थांबवायचं, त्याने काय चुकलं ते सांगायचं आणि गाणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. हा नियम कुणी ठरवून केलेला नाही. इथल्या कंपन्यांत खराब पीस दिसला की हात वर करून लाईन थांबवायला शिकवतात. ती सवय अंगात मुरते आणि सुट्टीच्या दिवशीही माणसाबरोबर येते. एका गुरुवारी कुणाचा तरी हात आपसूक वर गेला, गाणारा बिचारा थांबला, तेव्हापासून चालू आहे. एकदा शहरातून एक नावाजलेले गायक आले होते. त्यांना धृपदातच थांबवलं. ते परत आले नाहीत.

मी चाकणला वायरिंगच्या कंपनीत शेवटच्या तपासणीला आहे. आठवडाभर मी लोकांचे पीस नापास करते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी लोकांनी माझं गाणं नापास करावं, हे मला मुळीच आवडलं नाही. गाणं मी लिहिलं होतं आणि आईवर होतं. चिखलीतल्या आमच्या खोलीत आई रबराच्या पार्टांची जास्तीची कड ब्लेडने कापायचं काम घेते. टेम्पोतून पोती येतात, कापून झाली की परत जातात. त्याच कामाच्या पैशावर मी शिकले. बाकीची गाणी पडली असती तरी मला काही वाटलं नसतं. हे एक गाणं मात्र मला खरं उतरायला हवं होतं.

दुसऱ्या कडव्यात ओळ होती, ‘फुलासारखे हात घेऊन गप्प बसून झिजली आई’. तिथे आलं की हात वर व्हायचा. हात ब्रेकच्या कंपनीतल्या एका लातूरकडच्या भाऊंचा. त्यांची बायकोही घरी हेच काम करायची.

“ताई, रबर कापणाऱ्या बाईचे हात फुलासारखे नसतात,” ते म्हणाले.

मी म्हटलं, भाऊ, ही कविता आहे.

“असू द्या की. पण आम्ही ब्रेकचं काम करताव. चालतंय म्हणून सोडून द्यायची सवय न्हाई आम्हाला.”

मग शहरात एका मोठ्या नाट्यगृहात नवोदितांची स्पर्धा झाली. तिथे मी हेच गाणं म्हटलं. अंधारात बसलेल्या लोकांनी मला एकदाही थांबवलं नाही, उलट नेमक्या त्या फुलाच्या ओळीला टाळ्या वाजवल्या. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पुढच्या गुरुवारी मी ते माडीवर माइकवरून जाहीर केलं, जरा जास्तच मोठ्याने. भाऊंनी मनापासून अभिनंदन केलं आणि दुसऱ्या कडव्याला हात वर केला.

मी भांडले. एवढं कळत असेल तर स्वतः येऊन गा, म्हटलं, आणि चहा न घेता निघून आले. नंतर काही गुरुवार गेलेच नाही. घरी बसून फणफणत होते. आई समोर पोतं घेऊन बसलेली, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी तिच्या हातांकडे बघत होते. उजवा अंगठा रबराने काळा पडलेला, साबणाने न जाणारा काळा, आणि त्यावर ब्लेडच्या बारीक रेघा. मला स्वतःचा संताप आला. वायरीवरचा केसाएवढा ओरखडा मला दिसतो, आणि हे दिसलं नव्हतं.

‘काळा पडला अंगठा तरी गप्प बसून झिजली आई’ असं करून मी माडीवर गेले. गाणं शेवटपर्यंत गेलं. भाऊ खाली मान घालून बसले होते. टाळ्या जेमतेम पडल्या, पण त्या कशासाठी पडल्या हे मला ठाऊक होतं. मी फार खूश झाले.

म्हणून पुढच्या गुरुवारी मी आईला घेऊन गेले. तिने गाणं ऐकलेलं नव्हतं, घरी म्हणायची मला लाज वाटायची. ती ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसली. दुसऱ्या कडव्याला तिचा हात वर गेला. मला वाटलं, पदर सावरतेय. पण हात खाली येईना. मी थांबले.

“मी गप्प कधी बसले होते?” आई म्हणाली. “दिवसभर गात नसते का मी?”

गातेच. मी तिच्या गाण्याच्या शेजारी अभ्यास केला, जेवले, झोपले. पंख्याचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसं ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

नियमाप्रमाणे मला पहिल्यापासून म्हणायचं होतं. मी माइक आईपुढे धरला. भाऊंनी आईला विचारलं, काय गाता मावशी. आईने माइक हाताने बाजूला सारला आणि बसल्या जागी सुरुवात केली, मांडीवर अंगठ्याने ठेका धरून. मी सगळ्यांसमोर रडले.

त्या कडव्याला अजून ओळ सापडलेली नाही. मी दर गुरुवारी जाते, नवी ओळ लिहून नेलेली असते ती म्हणते. आई पुढच्या रांगेत बसते आणि मी तिच्या हाताकडे बघत गाते.