आमच्या येसराचा अमेरिकन खटला

अमेरिकेतल्या व्यापारी कायद्याचा आणि आमच्या जवळा बाजार गावाचा तसा काही संबंध नाही. तो मी जोडला.

झालं असं, की माझी धाकटी लेक सायली पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला लागली. काम घरी बसून, कागद मात्र अमेरिकेचे! तिथल्या व्यापाऱ्यांचे करार वाचायचे आणि कुठं पाय घसरेल ते सांगायचं. त्यासाठी तिला परीक्षा होती आणि परीक्षेला विटेएवढं जाड पुस्तक होतं. मी जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. छापील कागद दिसला की वाचल्याशिवाय आणि हाताने लिहिलेला दिसला की सही केल्याशिवाय मला राहवत नाही. (किराण्याच्या यादीखालीसुद्धा मी तारीख टाकून सही करतो. दुकानदार आधी हसायचा, आता सही नसेल तर यादी परत पाठवतो.)

रोज दुपारी सायली वाचायची आणि मी शेजारी बसून विचारायचो.

“सायली, कंपनी म्हणजे कायद्यानं माणूस, आसं हाय का इथं?”

“व्हय बाबा. तिच्यावर खटला भरता येतो, तिलाबी दुसऱ्यावर भरता येतो.”

“मंग तिला ताप आला तं?”

“बाबा, परीक्षा माझी हाय!”

पण एकेक गोष्ट अशी गोड, की सोडवेना. तिकडं राज्याची कोर्टं वेगळी आणि साऱ्या देशाची वेगळी, म्हणजे कुठल्या दारात जायचं यावरच पहिलं भांडण! व्यापाराच्या दाव्यात पुरावा अगदी शंभर टक्के नको, सोयाबीनच्या काट्यासारखं पारडं एका बाजूला जरासं झुकलं तरी पुरे. आणि सगळ्यात भारी म्हणजे ज्युरी. काय घडलं हे न्यायाधीशानं ठरवायचं नाही, बारा साध्या माणसांनी ठरवायचं!

“बाराच काहून? अकरानं काय बिघडतंय?” मी विचारलं. सायली पुस्तक उचलून वर माळवदावर गेली.

नेमका त्याच वेळी आमच्या घरात एक खटला तयार होता.

माझी बायको सुमन आणि शेजारच्या घरातल्या कमलवहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, या दोघी वीस वर्षं मिळून येसर करतात. बाजरी, गहू, डाळ आणि मसाले भाजून दळायचे. ती पूड पाण्यात कालवून उकळली की लग्नाच्या पंगतीची आमटी तयार. येसर सगळेच करतात, पण या दोघींच्या येसरात मूठभर भाजलेली कारळं असतात, आणि ते गुपित घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आठवडी बाजारात त्यांच्या पुड्या दुपारच्या आत संपायच्या.

गेल्या उन्हाळ्यात बाजारात समोरच गावातल्या शेवंताबाईंनी विक्रीचं पाल टाकलं आणि त्यांच्या येसरालाही तीच चव! सुमन म्हणाली, अक्कांनी (म्हणजे वहिनींनी) माहेरी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, सुमननं बहिणीला सांगितलं. बोलणं बंद झालं. भाजायची कढई सुमनकडे राहिली, हलवायचा सराटा वहिनींकडे गेला, आणि ऐन लग्नसराईत येसर थांबला. पुढच्या बाजारापासून वेगवेगळं बसायचं, असंही दोघींनी सांगून टाकलं (एकमेकींना नाही, मला). मला कोर्टाची हौस होतीच, खोटं कशाला बोलू? पण रोज चार वाजता ओसरीवर दोघींचा चहा व्हायचा आणि त्यात तिसरा कप माझा असायचा. तो बंद झाला, याचं मला खरोखर वाईट वाटत होतं.

“आपण हे अमेरिकन पद्धतीनं मिटवू,” मी जाहीर केलं. “न्यायाधीश मी!”

“तुमीच काहून?” सुमन.

“कायदा वाचलाय मी.”

“भाऊजी, तुमी तं तिच्याच घरचे!” भिंतीपलीकडून वहिनी. (बोलणं बंद होतं, ऐकणं नव्हतं.)

पहिली अडचण ज्युरीची. ज्याचा कुठल्याही बाजूशी संबंध आहे तो पंच दोन्ही पक्षांना नाकारता येतो, असा नियम मी वाचून दाखवला. तासाभरात अख्खी गल्ली बाद! कुणी सुमनच्या मावशीचं, कुणी वहिनींच्या भावजयीचं. शेवटी बाजाराच्या दिवशी बाहेरगावची माणसं गोळा केली. नरसीचा कल्हईवाला, कळमनुरीकडचे दोन शेळीवाले, एक बांगडीवाली, असे करत बारा झाले. येसराची आमटी आणि भाकरी मिळेल म्हटल्यावर तेरावाही आला, त्याला नियम सांगून परत पाठवताना माझी छाती फुगली.

आता आला माझा सगळ्यात आवडता नियम.

“तिकडं सुनावणीच्या आधी दोन्ही बाजूंनी आपल्याजवळचे सगळे कागद एकमेकांना दाखवावे लागतात,” मी खुर्चीवरून सांगितलं. “आपल्या तोट्याचे असले तरी! लपवालपवी चालणार न्हाई!”

“सगळे?” वहिनींनी विचारलं.

“सगळे! अन् दुसऱ्या कुणाजवळ असतील तं त्यांनाबी हुकूम काढून आणायला लावायचे!”

हुकूम मीच काढला. शेवंताबाई आल्या, पदर खोचूनच.

“तुमाला कारळाचं कुणी सांगितलं?” सायलीनं विचारलं.

“सांगायला कशाला लागतंय, पोरी? कांडपाच्या गिरणीत भिंतीवर लावलेलं हाय की! सारा गाव उतरवून घेऊन राहिला.”

सुमननं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी सुमनकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा! मग कांडपवाल्या रामकिसनला बोलावणं गेलं. त्यानं तो कागद भिंतीच्या पोपड्यासकट खरवडून आणला आणि सायलीच्या हातात दिला. सायली वाचू लागली. बाजरी, गहू, डाळ, धने, खोबरं. खाली ठळक अक्षरात, भाजलेली कारळं एक मूठ. त्याखाली एक ओळ होती, ती वाचताना तिचा आवाज बारीक झाला.

“मूळ प्रतीवरून तपासले. खरी नक्कल.”

त्याखाली तारीख. त्याखाली माझी सही, दोन रेघा मारून!

“सही हाय म्हणल्यावर आमाला वाटलं, सरकारी योजना असन,” शेवंताबाई म्हणाल्या.

मग मला आठवलं. माघात सुमनला बरं नव्हतं, म्हणून दळायला मी गेलो होतो. दळताना प्रमाण बघायला तिची वही लागणार, ती हरवू नये म्हणून एका कागदावर नक्कल केली, सवयीनं साक्षांकित केली, रामकिसनला दिली आणि पूड घेऊन घरी आलो. कागद तिथंच राहिला. अक्षर सुंदर म्हणून त्यानं तो भिंतीला चिकटवला.

“बाबा,” सायली हळूच म्हणाली, “ज्याचा खटल्याशी संबंध हाय, त्या न्यायाधीशानं बाजूला व्हायचं असतंय.”

मी खुर्ची सोडली. तिच्यावर कमलवहिनी बसल्या.

बारा पंचांचं भाकरी खाता खाता एकमत झालं. दोष दोघींचाही नाही, गुरुजींचा. पारडं जरासं झुकलं नव्हतं, माझ्याकडे पार टेकलं होतं! मी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, “पण गुपित तं गुपितच ना? तिकडचा कायदा राखत असन की?”

“ज्यानं ते जपलं त्याचंच राखतोय,” सायली म्हणाली. “भिंतीवर लावलं की संपलं. पण नाव आन् खूण आपली राहती, बाबा. दुसऱ्याला ती वापरता येत न्हाई.”

वहिनी आधी हसल्या. मग सुमन हसली, इतकी की तिला ठसका लागला आणि पाणी वहिनींनीच दिलं. चार वाजता ओसरीवर चहा झाला. तिसरा कप आला तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि तो कप धुवायचा माझ्याकडेच आहे, असं मला सांगण्यात आलं.

शिक्षाही तिथंच ठरली. यापुढे घरच्या प्रत्येक पुडीवर मी ‘मूळ प्रत’ असं लिहून सही करायची. तीच आमची खूण. दर आठवड्याला टोपलीभर सह्या! धंदा पहिल्यापेक्षा बरा चालला आहे, हे मला कबूल केलं पाहिजे.

पुढच्याच आठवड्यात शेवंताबाई पिशवी घेऊन ओसरीवर आल्या.

“गुरुजी, तुमच्या घरच्या पुड्यांवर ‘मूळ प्रत’ लिवता, बराबर हाय. माझ्याबी पुड्यांवर ‘खरी नक्कल’ लिवून द्या की! खोटं थोडंच हाय?”

मी विचार केला. कायद्यानं पाहिलं तर बाईंच्या म्हणण्यात काही खोट दिसत नव्हती. सुमन घरातून ओरडत बाहेर आली, तोवर माझी बाराव्या पुडीवर सही चालू होती.