आखाजीला सुटलेलं साल

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, असोद्याच्या निंबाने सकाळीच डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि कामावर न जाता खोलीपुढच्या झाडाखाली खुशाल बसून राहिला. गंमत अशी, की खोली टांझानियात होती.

तरुणपणी निंबा गावात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी होता. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला सुटतं. मालक घरी येऊन विचारतो, ‘यंदा राहतोस का?’ मग गडी हो किंवा नाही म्हणतो. पुढे केळीच्या कामात निंबाचा हात असा बसला, की परदेशातल्या एका कंपनीने बाग उभी करायला त्याला नेलं. करारात काय लिहिलं होतं कोण जाणे, याच्या अंगात पंचांग जुनंच! बायकोला, मंदाबाईला, त्याने सांगून ठेवलं होतं, “आखाजीले साल सुटलं का येतो. मालकाले नहीच म्हनतो.”

मालक काही येईना. कंपनीला पाय कुठले असायला? पण भाबड्याच्या ते डोक्यातच आलं नाही. ऊन चढलं, पापण्या जडावल्या, आणि बसल्या जागी तो असोद्याला जाऊन पोचला. चिंचेला बांधलेले झोके वर वर जात होते. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, गल्लीभर आमरसाचा वास सुटला होता, आणि मंदाबाई ओट्यावर उभी राहून बसच्या वाटेकडे बघत होती. तो हाक मारायला जायचा, तेवढ्यात चिंचेची केळ व्हायची, केळीमागे दुसरी केळ, आणि त्या हिरव्या गर्दीत ओटा कुठे गेला ते कळायचंच नाही. त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही, इतकं ते गोड होतं.

दुपारी सोबतचे गडी काळजीने आले. निंबा आजारी पडला की काय! त्याने मोडक्यातोडक्या स्वाहिलीत आपला रिवाज सांगितला, तसे सगळे पोट धरधरून हसले. म्हातारा जुमा तेवढा हसला नाही. तो समोर उकिडवा बसला आणि स्वाहिलीतच, पण अगदी मालकाच्या तोऱ्यात त्याने विचारलं, “यंदा राहतोस का?”

निंबाने ‘नाही’ घोकून ठेवलं होतं. पण समोर बाग होती, त्याच्या हातची, आता निसवायला आलेली. कुठे कुठे पहिलं केळफूल बाहेर डोकावत होतं.

“राहतो,” तो म्हणून गेला. त्याला फार आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली.

संध्याकाळी मंदाबाईचा फोन आला. त्याने जुमाचं सांगितलं, बागेचं सांगितलं. घोकलेलं ‘नाही’ ऐन वेळी कुठे गेलं, ते मात्र त्याला सांगता येईना. तिच्यामागे पोरींची गाणी चालूच होती.

“बरं झालं, तुमाले कोनी तरी इचारलं,” ती म्हणाली. “साल तं आज माह्यंबी सुटलं. मले कोनी इचारलं का?”