पिशवी तपासणारी रोपवाली

माझी मिरची उताराच्या जमिनीमुळे पोसली, असे गावात सांगतात. ते साफ खोटे आहे. श्रेय धाडच्या आठवडी बाजारात रोपे विकणाऱ्या एका बाईचे आहे. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

रोपांची जुडी ती बादलीतल्या तपकिरी, पातळ काल्यात बुडवी, दोनदा झटके आणि ओल्या गोणपाटात गुंडाळी. दोन वर्षे माझी मिरची खुरटली, हे मीच तिच्यापाशी बोलून बसलो होतो. गेल्या वर्षी जुडी माझ्या पिशवीत ठेवताना तिला आत बुरशीनाशकाची बाटली दिसली. तिने जुडी परत घेतली.

"काऊन वं बाई?" मी गरजलो.

"या काल्यात जिवाणू हायेत अन् चांगली बुरशी हाये, बाबा. जिवाणू मातीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतात, बुरशी ते लांबून मुळाले आणून देते. तुमी लावल्याबरोबर हे औषध घालून तिलेच मारसान. मंग रोप कोणाच्या भरवशावर वाढन?"

"पन्नास वर्षं शेती केली मी!"

"मंग दोन वर्षं काऊन खुरटली?"

निम्म्या सऱ्यांना औषध घालणार नाही, असे कबूल केल्यावरच तिने जुडी दिली. तिला खोटे पाडणे, एवढाच माझा हेतू होता. बिनऔषधाची मिरची कमरेला लागली, औषधाची गुडघ्याशीच थांबली. उतार दोन्हींना सारखाच होता, हे गावाने ध्यानात घ्यावे.

यंदा गेलो तेव्हा जुडी बांधण्याआधी तिने माझ्या पिशवीसाठी हात पुढे केला. उभ्या आयुष्यात माझी झडती कोणी घेतलेली नाही. मी पिशवी आनंदाने उघडून दाखवली.