घोटीच्या गिरणीमागचा ढीग

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो जनामावशींचा. सटाण्याच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करायच्या. आम्हा मुलांत भांडण लागलं की म्हणायच्या, "काय पाहिजे ते राहू दे. काय नको, ते पहिलं सांग." घरातला पहिला पदवीधर झालो, शेतकरी गटांच्या कामाची नोकरी लागली, तेव्हा पाया पडायला गेलो. त्यांनी लसणाच्या चटणीची बरणी हातात दिली.

ती बरणी घेऊन गटाच्या कामासाठी नाशिकहून घोटीच्या एसटीत बसलो. आमच्या सटाण्याकडे कांद्याची मोकळी रानं. इथे डोंगर थेट रस्त्यापर्यंत येतात आणि खाचरांत भाताच्या पेंढ्याची उडवी (रचलेले ढीग) दिसतात. बघण्याच्या नादात स्टँड मागे गेला. तेवढं उलट चालत आलो.

भातगिरणीपुढे पाड्यावरच्या चांगुणाबाई गटातल्या बायकांसह पोत्यांवर बसल्या होत्या. नाशिकच्या एका दुकानाचा टेम्पो संध्याकाळी त्यांचा वासाचा तांदूळ न्यायला येणार होता. पहिलीच मागणी, आणि अट एकच: दुसरा दाणा मिसळलेला नको. गिरणीवाले बबनशेठ मात्र ऐकेनात.

"एवढ्याशा पोत्यांसाठी आधीचा दाणा काढायला मशीन झाडू? तास जातो. जाड्या भातामागोमाग काढून घ्या."

"म्हंजे वास तुमच्या गिरणीत ठिवून जायचं व्हय, शेट?" चांगुणाबाई म्हणाल्या.

मी कॉलेजात शिकलेलं सगळं बोलून पाहिलं. शेठ म्हणाले, "साहेब, चहा गार होतोय."

तेव्हा मावशी आठवल्या. विचारलं, "शेठ, तुम्हाला काय नको?"

"मला?" त्यांनी गिरणीमागे बोट दाखवलं. छपराएवढा तुसाचा (भाताच्या टरफलांचा) ढीग. "हे नको. वारा सुटला की शेजारी भांडायला दारात."

चांगुणाबाई उठल्याच. "आन् आमी राब भाजायला (पेरणीआधी रोपांची जागा भाजायला) फांद्यांसाठी रान पालथं घालतो! आमची पिकअप रिकामीच माघारी जायची हाय. ह्यो तूस भरू का?"

"दर खेपेला न्याल?"

"दर खेपेला मशीन झाडाल?"

शेठ आत ओरडले, "मशीन बंद करा! झाडायला घ्या."

दुपारी गिरणीभर वास सुटला. नागलीच्या (नाचणीच्या) भाकरीवर बायकांनी माझी बरणी रिकामी केली. "चटणी लय भारी," चांगुणाबाई म्हणाल्या, "साहेबांच्या भाषणापरीस." टेम्पो वेळेवर भरला. तो निघाला, तेव्हा चांगुणाबाईंकडून थोडा तांदूळ मीही विकत घेतला.

घरी पोचताच पत्र लिहिलं:

"जनामावशी, साष्टांग नमस्कार. तुमचा प्रश्न घोटीत विचारला आणि दोन्हीकडची माणसं हसत घरी गेली. पण तुम्हाला काय नको, ते आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. आमच्या पंगती उठल्यावर उरलेलं तुम्ही खायचात. सोबत चांगुणाबाईंचा तांदूळ पाठवतोय. शिजला की पहिलं ताट तुमचं."