कुलूप होतंच, असं मी म्हणाले

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — बस, एवढंच.

भाची हल्ली मला रहस्यकथा आणून देते. लिहिलेल्या आत्ताच्या, पण घडण जुनी — आतून कडी लावलेली खोली, आत मुडदा, बाहेर सहा-सात संशयित. मी अर्ध्यावरच गुन्हेगार ओळखते. "मावशी, कसं गं जमतं तुला?" कसं जमतं? 'दार बंदच होतं' असं जो छातीठोक सांगतो ना, त्याच्यावर मी डोळा ठेवते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मे महिन्यात आमची बोरिवलीची अर्धी बिल्डिंग कोकणात जायची, आणि किल्ल्या ठेवायची शेजारच्या कांबळेबाईंकडे. त्यांच्या दारामागे त्यासाठी खिळ्यांची रांगच होती. सावंतकाकूंनी बजावलं होतं, किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पण बाईंची दवाखान्यात दिवसपाळी असली की तुळशीला पाणी घालायला त्या ती गुपचूप मला द्यायच्या. मी पाणी घालायची आणि सावंतांच्या गॅलरीत बसून वाचायची — तेव्हाही असलीच पुस्तकं, वाचनालयातली.

एका दुपारी शेवटची पानं राहिली होती. वाचत वाचतच घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कुलूप कोयंड्याला नुसतं लटकलेलं! आत डोकावलेसुद्धा नाही. कुलूप दाबलं, किल्ली परत दिली. कुणाला चकार शब्द नाही.

सावंत परतले, तर काकूंच्या आईची बोरमाळ गायब. कुलूप शाबूत, ग्रिल शाबूत. सगळे जिन्यात जमले. आणि मी — शहाणी ना मोठी! — पुस्तकातल्यासारखी बोलले, "कुलूप होतंच, मी रोज बघत होते. म्हणजे किल्ली ज्याच्याकडे, तोच." कांबळे हे आडनाव ज्यांना आधीच खुपत होतं, त्यांना तेवढंच हवं होतं. मला हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, वाट लागली — आता ही माझं नाव घेणार. त्या एवढंच म्हणाल्या, "घर बघा माझं. सगळं बघा."

लोकांनी बघितलं हो! पिठाचे डबेसुद्धा उपसले. काहीच सापडलं नाही, तरी दोन दिवसांत सगळे खिळे रिकामे झाले.

पुढे माझं लग्न ठरलं. पेढे द्यायला गेले. बाईंनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लग्नाची मुलगी, नाव खराब होईल म्हणून गप्प बसले गं. पण सासरी असं काही करू नकोस."

त्यांना वाटत होतं, बोरमाळ मी घेतली.

नव्हती घेतली. पण ते सांगायचं तर उघड्या कुलपाचंही सांगावं लागलं असतं — मी वाकून त्यांना नमस्कार केला आणि घरी आले.