जोडपत्र क

बावीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासल्यावर तिची बदली झाली ती थेट विजेच्या गाड्यांच्या चार्जिंग यंत्रांवर. खात्यात सगळे तिला काटेबाई म्हणत, आणि ते तिला आवडायचंही. सरकारचा नियम होता की शंभरातली सत्त्याण्णव यंत्रं कायम चालू हवीत. ती चालू आहेत का हे बघायला एक तक्ता होता, आणि तक्त्यात एकच प्रश्न: पडदा उजळतो का? आधीच्या निरीक्षकाने वर्षभर तो प्रश्न खुर्चीत बसूनच सोडवला होता.

काटेबाईला हे पटेना. वजन ठेवल्याशिवाय काटा खरा की खोटा कळणार कसा? तिने थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या विजेच्या गाडीसकट धरून आणलं.

"म्हणजे मी तुझं वजन होय गं?" अंगाने भरलेल्या जाऊबाई फणकारल्या. पण आल्या.

पहिल्या यंत्राने 'आपले स्वागत आहे' म्हणत जी मान टाकली, ती वर केलीच नाही. दुसऱ्याची केबल कोणीतरी कापून नेली होती. पडदा मात्र लखलखीत. तिसऱ्यावर छत्र्या लटकत होत्या.

"इथे नका लावू," छत्र्या दुरुस्त करणारा म्हणाला, "दोन वर्षं दुकान आहे माझं."

दिवसभरात तिच्या वाट्याची वीसही यंत्रं झाली. गाडीत वीज गेली ती सहाच यंत्रांवर.

साहेबांनी अहवाल वाचून चष्मा काढला. "पडदे उजळले ना?"

"उजळले. वीज येत नाही."

"ते गाडीवाल्याचं झालं. आपला नियम यंत्रापुरता."

आठवड्यात परिपत्रक निघालं: तपासणीस वाहन नेऊ नये, यंत्रावर अनावश्यक ताण पडतो.

काटेबाईने ते दोनदा वाचलं. वाहन नेऊ नये म्हटलं होतं. बसू नये असं कुठेच नव्हतं. मग घडीचं स्टूल घेऊन ती रोज एका बंद यंत्राशेजारी दहा ते पाच बसू लागली आणि येणाऱ्याचं काय होतं ते लिहू लागली. 'ग्राहक नऊ. नऊही परत गेले. पाच जणांनी शिव्या दिल्या, यंत्रवाल्या कंपनीला दोन, आपल्या खात्याला तीन. त्या शब्दशः जोडपत्र क मध्ये.' एका मास्तरांनी तर शिवी सांगून वर ऱ्हस्व-दीर्घही तपासून दिलं.

प्रत्येक पानावर साहेबांची सही लागे. स्वतःच्या सात पिढ्यांविषयीचा मजकूर वाचायचा आणि खाली सही करायची! साहेबांचे कान लाल होत.

"हे जोडपत्र वगळता नाही का येणार?"

"येईल की, साहेब. यंत्र सुरू झालं की आपोआप वगळलं जाईल."

जोडपत्रं वार्षिक बैठकीत मंत्र्यांसमोर वाचली जाणार म्हटल्यावर कंपनीची माणसं धावत कामाला लागली. तीन आठवड्यांत अकरा यंत्रं दुरुस्त झाली. उरलेली तीन 'देखभालीखाली' गेली, आणि देखभालीखालचं यंत्र मोजायचंच नाही असं नवं कलम आलं. झालं, शंभर टक्के! साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं, काटेबाईला पुन्हा वजनकाटे.

बदलीचा कागद बघून तिला वाईट वाटलं, नाही असं नाही.

"तोंड कशाला पाडतेस?" जाऊबाई म्हणाल्या. "अकरा जागी गाडी चार्ज होतेय तुझ्यामुळे."

"तीन राहिली ना पण," काटेबाई म्हणाली, आणि चहा गार होईपर्यंत त्या तिन्ही यंत्रांचे पत्ते सांगत बसली.